अनेकार्थता, धूसरता आणि मोघमपणा : 'सगेसोयरे' या शब्दाच्या निमित्ताने

१

नांदेड जिल्ह्यात भोकर नावाचे तालुक्याचे गाव आहे. भोकर नावाचे झाडही आहे आणि त्याच्या चिकट गराच्या हिरव्या फळांचे लोणचे मराठी घरांना परिचित आहे. 'भोकर पाहिले का?' हा प्रश्न गावाविषयी आहे की फळाविषयी, हे केवळ त्या वाक्यावरून सांगता येणार नाही. परंतु 'भोकरचे लोणचे' आणि 'भोकराचे लोणचे' असे म्हणताच प्रश्न मिटतो. नांदेडचे, लातूरचे या धर्तीवर ग्रामनाम सामान्यरूपाचा आकार घेत नाही, फळाचे नाव तो घेते. आणि एका कान्याने दोन अर्थ वेगळे होतात.

हे उदाहरण क्षुल्लक आहे, आणि क्षुल्लक असल्यामुळेच उपयोगाचे आहे. येथे कोणाचेही हित गुंतलेले नाही. त्यामुळे भाषेत नेमके काय घडते ते स्वच्छ दिसते. एका उच्चाराला दोन स्वतंत्र अर्थ आहेत, दोन्ही पूर्णपणे निश्चित आहेत, आणि प्रश्न आहे तो निवडीचा. अनेकार्थता म्हणतात ती ही. मात्र मराठी समीक्षेत आणि त्याहूनही अधिक सार्वजनिक व्यवहारात 'संदिग्ध' हे एकच विशेषण अनेक भिन्न स्थितींना लावले जाते. अर्थ दोन असले तरी संदिग्ध, अर्थाची सीमा पुसट असली तरी संदिग्ध, तपशील अपुरा असला तरी संदिग्ध, बोलणाऱ्याने हातचे राखून बोलले तरी संदिग्ध, आणि वाचणाऱ्याला कळले नाही तरीही संदिग्ध. या पाच स्थिती एकच मानल्यास दोष कोणाचा आणि उत्तरदायित्व कोणाचे, हा नैतिक प्रश्न विचारताच येत नाही. संकल्पनांची फोड करण्याची गरज या प्रश्नासाठी आहे.

२

'संदिग्ध' या शब्दातच एक अडचण आहे. न्यायदर्शनात संशय हा ज्ञात्याच्या बुद्धीचा धर्म आहे. तिन्हीसांजेला दूर उभे असलेले ते खांब आहे की माणूस, असा संदेह पडतो तेव्हा खांब संदिग्ध नसतो; पाहणाऱ्याचे ज्ञान दोलायमान असते. अनेकार्थता हा मात्र शब्दाचा धर्म आहे. 'सैंधव आण' या वाक्यातील सैंधव शब्दाचे मीठ व घोडा हे दोन अर्थ ऐकणाऱ्याला माहीत असोत वा नसोत, ते भाषेत आहेतच. भोजनप्रसंगी घोडा आणण्याचा संशय कोणाला येत नाही. म्हणजे अनेकार्थता असूनही संदेह नाही. उलटपक्षी, एकच अर्थ असलेल्या शब्दाविषयी अज्ञानामुळे संदेह पडू शकतो. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात संयोग, साहचर्य, प्रकरण, सामर्थ्य, औचित्य, देश, काल इत्यादी अर्थनिश्चितीची साधने नोंदविली, ती या दोन गोष्टींमधील अंतर कसे कापले जाते हे दाखविण्यासाठी. शब्दाला अनेक अर्थ असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यातून संदेह उरणे हे प्रकरणाचे, म्हणजेच प्रसंगसंदर्भाचे अपयश आहे.

मराठवाड्याच्या वाङ्मयपरंपरेत याचे एक बोलके उदाहरण आहे. चक्रधरांची वचने केशोबासांनी सूत्ररूपाने वेगळी केली, तेव्हा ती 'लीळाचरित्रा'तील प्रसंगांपासून सुटी झाली. प्रसंगापासून सुटलेले वचन बहुअर्थी होते, याची जाणीव महानुभाव पंथीयांना तत्काळ झाली असली पाहिजे. कारण कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले ते सांगणारी 'प्रकरणवश' ही स्वतंत्र रचना त्यांनी सिद्ध केली. याच पंथाने पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्याही वापरल्या. या दोन कृती एकाच पंथाच्या असल्या तरी त्यांचे स्वरूप परस्परविरुद्ध आहे. सांकेतिक लिपीत अर्थ एकच असतो, तो परक्यापासून झाकलेला असतो. ती गूढता होय. प्रकरणवशात अर्थ सर्वांसमोर असतो, तो अनेकांतून एक करावयाचा असतो. गूढता आणि अनेकार्थता यांतील भेद यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

साहित्यविचारात या भेदाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, याचे एक कारण विल्यम एम्पसन यांच्या १९३० सालच्या 'अनेकार्थतेचे सात प्रकार' या आशयाच्या ग्रंथात शोधता येईल. एम्पसन हे आय. ए. रिचर्ड्स यांचे विद्यार्थी. ज्या रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. एम्पसन यांनी अनेकार्थतेला दोषाच्या यादीतून काढून काव्यशक्तीच्या स्थानी बसविले, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु तसे करताना पर्यायी प्रतिसादाला वाव देणारी प्रत्येक अर्थच्छटा त्यांनी या संज्ञेखाली घेतली. संस्कृत काव्यशास्त्र येथे अधिक काटेकोर होते. मम्मटाच्या दोषप्रकरणात 'संदिग्ध' हा दोष आहे, अलंकारप्रकरणात 'श्लेष' हा गुणवर्धक आहे, आणि ध्वनी या दोहोंहून निराळा आहे. श्लेषात दोन्ही अर्थ वाच्य असतात व दोन्ही हवे असतात. संदिग्धात दोहोंपैकी एकच हवा असतो आणि तो कोणता ते कळत नाही. ध्वनीत वाच्यार्थ निश्चित असतो व त्याच्या आधाराने दुसरा अर्थ प्रतीत होतो. मर्ढेकरांच्या किंवा ग्रेस यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप घेतला गेला तेव्हा या तिहींपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे आक्षेपकांनी बहुधा स्पष्ट केले नाही. वाचकाला वाट न सापडणे आणि कवितेत दोन वाटा असणे, या एकच गोष्टी नव्हेत.

३

अनेकार्थतेची सर्वांत जवळची आणि म्हणून सर्वांत फसवी शेजारीण म्हणजे धूसरता. 'टकला' या शब्दाला दोन अर्थ नाहीत. अर्थ एकच आहे, पण तो कोठे संपतो ते सांगता येत नाही. किती केस गळल्यावर माणूस टकला होतो? एका केसाने फरक पडत नाही, हे प्रत्येक पायरीवर खरे वाटते आणि शेवटी आपण अशक्य निष्कर्षाला पोहोचतो. ग्रीकांनी धान्याच्या राशीच्या दृष्टांताने मांडलेला हा पेच रसेल यांनी १९२३ साली धूसरतेवरील निबंधात पुन्हा विचारार्थ घेतला. धूसर शब्दाला प्रकरण साहाय्य करीत नाही. संदर्भ कितीही दिला तरी सीमारेषेवरचा माणूस सीमारेषेवरच राहतो. तेथे निवड करावयाची नसून रेषा आखावयाची असते. निवड ही अर्थबोधाची क्रिया आहे, रेषा आखणे ही निर्णयाची क्रिया आहे. या भेदाचे महत्त्व पुढे दिसेल.

तिसरी स्थिती सामान्यतेची. 'बहीण' हा शब्द थोरली की धाकटी ते सांगत नाही, म्हणून कोणी त्याला अनेकार्थी म्हणत नाही. याची एक सोपी भाषिक कसोटी आहे. 'तिची बहीण आली आणि त्याचीही' हे वाक्य एक बहीण थोरली व दुसरी धाकटी असतानाही निर्वेधपणे खरे ठरते. पण 'त्याने भोकर पाहिले आणि तिनेही' या वाक्यात त्याने गाव व तिने फळ पाहिले, असा अर्थ विनोदाखेरीज काढता येत नाही. सामान्य शब्द आपल्या पोटातील भेद एकत्र नांदवितो. अनेकार्थी शब्दाचे अर्थ एका वेळी एकच जागा घेऊ शकतात.

आणि चौथी स्थिती मोघमपणाची. हा शब्द मराठीत रुळलेला आहे आणि तो शब्दापेक्षा बोलणाऱ्याविषयी अधिक सांगतो. 'पाहू', 'योग्य तो निर्णय घेऊ', 'सकारात्मक विचार करू' या उक्तींत एकही अनेकार्थी शब्द नाही. तरी त्या बांधून घेत नाहीत. मोघमपणा हा शब्दकोशात सापडत नाही, तो वर्तनात सापडतो.

४

या भेदांची कसोटी लागावी असा प्रसंग मराठवाड्यानेच अलीकडे पाहिला. मराठा समाजास कुणबी जातीची प्रमाणपत्रे द्यावीत या मागणीच्या आंदोलनात 'सगेसोयरे' हा घरगुती शब्द कायद्याच्या भाषेत शिरला. २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य शासनाने जात प्रमाणपत्रविषयक २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचविणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा काढला. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा व त्यापूर्वीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या विवाहांतून निर्माण झालेले नातेवाईक, अशा आशयाची सगेसोयऱ्यांची व्याख्या त्यात होती. दुसऱ्या दिवशी वाशी येथे मनोज जरांगे पाटील यांनी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत उपोषण सोडले आणि गुलाल उधळला गेला. मसुद्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती मागविण्यात आल्या होत्या. इतर मागासवर्गीयांच्या नेत्यांनी त्याच शब्दात आपल्या हक्कांवरचे संकट वाचले. शासनाच्या बाजूने मात्र विद्यमान तरतुदींचेच हे स्पष्टीकरण असल्याचे सांगितले गेले. एका शब्दाने एकाच आठवड्यात विजय, धोका आणि 'जैसे थे' असे तीन निरोप दिले.

हा शब्द 'संदिग्ध' होता असे म्हणून थांबणे सोपे आहे. प्रश्न असा की, वर सांगितलेल्या स्थितींपैकी कोणती?

प्रथम समासाकडे पाहू. बोलीत सगेसोयरे हा 'केरकचरा', 'बाजारहाट' यांच्या जातीचा समाहार द्वंद्व आहे. त्यातील घटक वेगळे मोजावयाचे नसतात, सारा गोतावळा एकत्र अभिप्रेत असतो. परंतु तोच शब्द इतरेतर द्वंद्व म्हणून वाचला की सगे निराळे आणि सोयरे निराळे होतात: सगे रक्ताचे, सोयरे लग्नसंबंधातून आलेले. येथे खरी अनेकार्थता आहे. लग्नाच्या पंगतीला कोणाला बोलवावे यासाठी दोन्ही वाचनांनी फरक पडत नाही. पण रक्ताच्या नात्यातील नोंद पुरावा म्हणून पूर्वीपासून ग्राह्य असताना 'सोयरे' हा घटक स्वतंत्रपणे मोजला, तर पुराव्याचे क्षेत्र बदलते.

'सोयरा' हा शब्द स्वतः मात्र अनेकार्थी नाही, सामान्य आहे. व्याही, जावई, मेहुणा, साडू हे सारे त्यात येतात. 'त्याचा सोयरा आला आणि तिचाही' हे वाक्य एक साडू व दुसरा व्याही असतानाही खरेच राहते. 'त्यापूर्वीच्या पिढ्या' हा अपुरा तपशील आहे. एक आकडा घातला की तो पुरा होईल. परंतु सोयऱ्याचा सोयरा सोयरा होतो काय, आणि त्याचाही सोयरा? येथे मात्र धान्याची रास उभी राहते. प्रत्येक दुवा जवळचा वाटतो, आणि साखळी कोठे तोडावी याचे उत्तर शब्दाच्या अर्थात नसते. म्हणजे एकाच शब्दाभोवती अनेकार्थता, सामान्यता, अपुरेपणा आणि धूसरता अशा चार भिन्न स्थिती एकत्र आल्या, आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. अनेकार्थतेवर खुलासा हा उपाय, सामान्यतेवर उपायाची गरजच नाही, अपुरेपणावर तपशील, धूसरतेवर निर्णय.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढची आहे. व्याख्येने नात्यावर 'सजातीय विवाहा'ची अट घातली. या अटीने अनेकार्थता दूर झाली असे दिसते; वस्तुतः ती एका शब्दातून दुसऱ्या शब्दात गेली. ज्याच्या घराण्याची नोंद सापडत नाही असा भोकर तालुक्यातील एखादा अर्जदार कल्पावा. त्याच्या मेहुण्याच्या घराण्यात कुणबी अशी नोंद आहे. हा विवाह सजातीय आहे काय? मराठा आणि कुणबी एक मानले तर आहे. भिन्न मानले तर नाही. पण ते एक की भिन्न, हाच तर वादाचा विषय. जे सिद्ध करावयाचे ते व्याख्येतच गृहीत धरले गेले. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतील. याला उत्तर आहे, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. सोयरीक जातीतच होते अशी जेथे रूढी आहे तेथे सोयरीक झाली हेच जात एक असल्याचे गमक आहे, असे म्हणता येईल. पण तेव्हा 'सगेसोयरे' हा हक्काचा निकष राहत नाही, तो पुराव्याचा प्रकार होतो. निकष आणि पुरावा यांतील हे दोलन मसुद्यात कोठेही निवारलेले नाही.

'कुणबी' या शब्दाचेही तसेच. शेती करणारा आणि विशिष्ट जातीचा, हे त्याचे दोन अर्थ 'भोकर'च्या दोन अर्थांसारखे योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. एकातून दुसरा वाढला आहे. अशा अर्थविस्तारात दोन्ही अर्थ इतके लगडलेले असतात की जुन्या दप्तरात तो शब्द लिहिणाऱ्याच्या मनात कोणता होता, हे प्रकरणावरूनही नेहमी ठरत नाही. निजामी राजवटीतील नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कार्यपद्धती ठरविणारा शासननिर्णय निघाला. त्यावरचा आक्षेप छगन भुजबळ यांच्या रूपाने मंत्रिमंडळातूनच आला. दप्तर सापडले तरी शब्द उरतोच.

याच्या नेमकी उलट बाजू धनगर समाजाच्या मागणीत दिसते. तेथे एका शब्दाचे दोन अर्थ हा प्रश्न नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतील 'धनगड' आणि समाजाचे 'धनगर' हे नाव एकाच अर्थाचे दोन लेखनभेद आहेत की दोन भिन्न समूहांची दोन नावे, हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मागणी अमान्य केली. वाद ओळखीचा आहे, अर्थाचा नाही. त्यालाही 'संदिग्ध' म्हटले की दोन्ही प्रश्न बिघडतात.

५

आता नैतिक प्रश्न. अनेकार्थी शब्दावर झालेली सहमती ही सहमती असते काय?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या तेराव्या कलमाने दिलेली कसोटी सुटसुटीत आहे: पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली असेल तरच ती संमती. या कसोटीमागील प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या कापसाचे आहे. मुंबईहून 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने येणाऱ्या कापसाचा सौदा लिव्हरपूलमध्ये झाला. त्या नावाची दोन जहाजे होती. एक ऑक्टोबरात निघाले, दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले, विकणाऱ्याच्या मनात दुसरे. १८६४ साली न्यायालयाने निकाल खरेदीदाराच्या बाजूने दिला. येथे कोणीही फसविले नव्हते. दोघे प्रामाणिक होते, शब्द एक होता, आणि करार मात्र झालाच नव्हता.

या निकषावर वाशीतील समेट टिकत नाही असे म्हणण्याचा मोह होईल. पण राजकीय समेट हा कापसाचा सौदा नव्हे. चिघळलेल्या संघर्षात काही प्रश्न अनिर्णीत ठेवूनच शांतता साधते, आणि असा अवधी देणारा शब्द हा कधी कधी सुज्ञपणाच असतो. तेव्हा अनेकार्थता वापरली एवढ्यावरून दोष ठरत नाही. ती कशी वापरली हे पाहावे लागते. न्यायसूत्रांतील छलविचार येथे उपयोगी पडतो. वाक्छलात समोरच्याला अभिप्रेत नसलेला अर्थ हेतुतः काढून त्याचे खंडन केले जाते. 'नवकंबल' म्हणजे नवे कांबळे असे म्हणणाऱ्याला 'नऊ कांबळी कोठे आहेत?' असे विचारणे हे त्याचे रूढ उदाहरण. छलाचा दोष शब्दाच्या माथी नाही. नव शब्दाला दोन अर्थ असणे निर्दोष आहे. अभिप्रेत अर्थ ठाऊक असून दुसरा लादणे हा दोष आहे. गौतमांनी श्रोत्याचा छल सांगितला. लोकशाहीच्या काळात वक्त्याच्या छलाचाही विचार हवा: दोन श्रोत्यांना दोन अर्थ ऐकू जातील असा शब्द योजून दोघांचीही मान्यता घेणे. मोघमपणाचे हे सर्वांत परिष्कृत रूप होय, कारण येथे बोलणारा काहीच बोलला नाही असेही म्हणता येत नाही.

मग सदोष आणि निर्दोष अनेकार्थता कशी ओळखावी? तीन गोष्टी पाहाव्या लागतील. दोन्ही पक्षांना शब्द अनेकार्थी असल्याची जाणीव होती काय? अर्थ ठरविण्याचे स्थान व काळ नेमला होता काय? आणि अनिश्चितीचा भार चर्चेत नसलेल्या तिसऱ्यावर तर टाकला नाही? पहिल्या दोन अटी पाळलेली अनेकार्थता म्हणजे मान्य केलेली लांबणी. त्या न पाळलेली म्हणजे छल. तिसरी अट अधिक कठोर आहे, कारण ती सद्हेतूनेही मोडली जाते. मसुद्यावर हरकती मागविणे हे दुसऱ्या अटीचे पालन म्हणता येईल. परंतु तिसऱ्या अटीपुढे आंदोलक, शासन आणि विरोधक हे सर्वच उत्तरदायी ठरतात.

सिमोन द बोव्हार यांनी १९४७ मध्ये संदिग्धतेचे नीतिशास्त्र लिहिताना संदिग्धता आणि निरर्थकता यांत भेद केला होता. निरर्थक म्हणणे म्हणजे अर्थाची शक्यताच नाकारणे. संदिग्ध म्हणणे म्हणजे अर्थ पूर्वनियत नाही, तो सतत मिळवावा लागतो असे मानणे. त्यांचा विषय मानवी अस्तित्व हा होता, शब्द नव्हे; ही दोन क्षेत्रे मिसळू नयेत. तरीही त्यांच्या भेदातून एक सूत्र हाती लागते. अर्थ मिळवावा लागतो हे मान्य केले की तो कोणी मिळवावयाचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

साहित्यात या प्रश्नाचे उत्तर वाचक हे आहे. कवितेतील दोन अर्थ मिळविण्याचे श्रम तो आनंदाने करतो. दोन्ही ठेवून घेतले तरी त्याचे काही जात नाही, उलट तो समृद्ध होतो. म्हणून श्लेष अलंकार ठरतो. शासनव्यवहारात हे श्रम तहसील कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या अर्जदाराच्या वाट्याला येतात, किंवा आपल्या वाट्याची जागा राहील की जाईल या चिंतेत असलेल्या दुसऱ्या समाजातील विद्यार्थ्याच्या. त्यांना दोन्ही अर्थ ठेवून घेता येत नाहीत. प्रमाणपत्र मिळते किंवा मिळत नाही.

तात्पर्य, अनेकार्थता हा भाषेचा धर्म आहे, धूसरता संकल्पनेचा, संशय ज्ञात्याचा, आणि मोघमपणा हा बोलणाऱ्याच्या आचरणाचा. पहिल्या तिहींबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. चौथ्याबद्दल विचारता येतो. 'शब्दच संदिग्ध होता' असे म्हणताना हा चौथा पहिल्या तिघांच्या आड लपत नाही ना, एवढे पाहणे हे अर्थविचाराचा अभ्यास करणाऱ्यांचे काम आहे. 'भोकरचे' आणि 'भोकराचे' यांत भाषेने स्वतःच एक काना ठेवून दिला. जेथे तिने तो ठेवलेला नाही, तेथे तो देण्याचे दायित्व लिहिणाऱ्याचे असते. खिडकीशी उभ्या असलेल्याचे नव्हे.